घेतलेली लस टिकते किती? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लहान मुलांच्या लसीकरणाच्या वेळापत्रकावर लिहिलं होतं, त्यावर जे ईमेल आणि व्हॉट्सॲप आले त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीवर होते, की घेतलेली लस शरीरात राहते किती वर्षं. त्यातून विषाणू मारून बनवलेल्या, म्हणजे ज्याला डॉक्टर लोक इनॲक्टिव्हेटेड म्हणतात त्या लशींचे प्रश्न या वेळी घेतलेत. जिवंत विषाणूच्या लशी (गोवर, कांजण्या वगैरे) पुढच्या वेळी.

प्रश्न : मॅडम, माझ्या मुलाला चार वर्षांपूर्वी कुत्रा चावला होता, तेव्हा सरकारी दवाखान्यात सगळी इंजेक्शनं पूर्ण केली होती, कार्ड अजून आहे. आता क्लासवरून येताना परत गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला धरलं, रक्त आलं. सासूबाई म्हणतात एकदा घेतली की जन्माची सोय झाली, मेडिकलवाला म्हणतो पाचही परत घ्या. कोणाचं ऐकू? – शुभांगी, इचलकरंजी

दोघांचंही नको. तुम्हाला त्याच दिवशी उत्तर पाठवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी सविस्तर देते.

पहिलं काम जखमेचं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण आपल्याला वाटतं त्याच्या पाव वेळात आपण नळ बंद करतो. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग ज्याचा आधीचा कोर्स पूर्ण झालाय आणि कागद आहे त्याला फक्त दोन डोस, एक आज आणि दुसरा तीन दिवसांनी. जखमेत भरतात ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, अशा माणसाला लागत नाही.

आता असं का, तर रेबीजची आजची लस म्हणजे पेशींमधे वाढवून मग रसायनाने पूर्ण मारलेला विषाणू. तो शरीरात वाढू शकत नाही, पण त्याचं वरचं आवरण शाबूत असतं, आणि दंडात टोचल्यावर काखेतल्या गाठींमधे त्या आवरणाची ओळख करून घेतली जाते. तिथे बी पेशी (ज्यांच्यापासून अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून निकामी करणारी प्रथिनं, मिळतात त्या) आणि त्यांना मदत करणाऱ्या टी पेशी काही आठवडे अक्षरशः घासून घासून तयार होतात, ज्या बी पेशीची पकड जास्त घट्ट ती टिकते, बाकीच्या मरतात. यातून दोन प्रकारच्या पेशी निघतात. एक हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडत राहतात. दुसऱ्या मेमरी पेशी, या स्वतः काहीच बनवत नाहीत, नुसत्या रक्तात आणि गाठींमधे फिरत असतात, आणि तोच विषाणू परत दिसला की मात्र भराभर वाढून काही दिवसांतच नव्या अँटीबॉडी द्यायला लागतात.

तुमच्या मुलाच्या रक्तातल्या अँटीबॉडी चार वर्षांत उतरल्या असतील, कदाचित पुरेशा मानतात त्या पातळीच्याही खाली, पण मेमरी पेशी तिथेच आहेत. थायलंडमधे पाच ते एकवीस वर्षांपूर्वी रेबीजची लस घेतलेल्या लोकांना परत बूस्टर देऊन पाहिलं, तर सगळ्यांच्या अँटीबॉडी झपाट्याने वर गेल्या. म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, आठवण राहते. पण रेबीजचा विषाणू एकदा नसेत शिरला की अँटीबॉडी त्याला तिथे गाठू शकत नाही, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही असंच जवळपास म्हणावं लागतं, म्हणून मेमरी पेशी आपणहून जाग्या होतील याची वाट न बघता दोन टोचे देऊन त्यांना मुद्दाम जागं करायचं. मागचा कोर्स संपून तीन महिनेही झाले नसतील तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनेप्रमाणे जखम धुणं पुरतं, तरी ते डॉक्टरांनी ठरवायचं, घरी बसून नाही.

ज्यांचा कोर्स अर्धवट सुटलाय किंवा कागदच नाही त्यांनी नव्याने सगळं घ्यायचं. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दबलेली आहे त्यांनाही पूर्ण कोर्स लागतो. आणि घरातल्या मोठ्यांपैकी कोणी म्हणत असेल मी बेंबीभोवती चौदा घेतली होती, मला काय होतंय, तर ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, कसौलीला 1911 च्या सुमारास डेव्हिड सेम्पल यांनी केलेली, आपल्याकडे 2004-05 पर्यंत चालली. ती आज हिशोबात धरत नाहीत. त्यांना नवीन पेशंट समजूनच द्यायची.

प्रश्न : मुलगी हॉस्टेलला चाललीय म्हणून डॉक्टरांनी काविळीची (हेपॅटायटिस ए) लस सांगितली, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, मग म्हणे परत कधी लागणार नाही. माझ्या वडिलांना शुगर आहे, त्यांना फ्लूची लस दर वर्षी घ्या म्हणतात. दोन्ही मेलेल्याच विषाणूच्या ना? मग एक जन्मभर आणि एक बारा महिने, हा धंदा नाही का? – अविनाश, नाशिक

धंदा नाही. पण शंका चांगली आहे, आणि खरं तर या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा वेळ घेते.

तीन गोष्टी बघायच्या. विषाणू बदलतो का, लशीने हाडांच्या मगजात किती पेशी बसवल्या, आणि आजार अंगात शिरल्यापासून दिसायला किती दिवस लागतात. तिसऱ्या गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि तीच फार महत्त्वाची असते.

काविळीचा हा विषाणू जगभर एकाच जातीचा आहे, एकाशी ओळख झाली की सगळ्यांशी झाली. त्याचं आवरण टणक, फॉर्मॅलिनने मारल्यावरही फारसं बिघडत नाही, लशीत ॲल्युमिनियमचा क्षार घातलेला असतो तो माल टोचल्या जागी थोडा धरून ठेवतो आणि प्रतिकारशक्तीला डिवचतो. दोन डोस घेतलेल्या मोठ्या माणसांना वीस वर्षं तपासत राहिले तर बहुतेकांत अँटीबॉडी होत्याच, आणि उतरण्याच्या वेगावरून गणित मांडलं तर तीस-चाळीस वर्षं राहतील असं निघतं. त्यात परत या आजाराला अंगात मुरायला सरासरी 28 दिवस लागतात. म्हणजे समजा अँटीबॉडी अगदी संपल्याच, तरी मेमरी पेशींना हात धुऊन तयार व्हायला भरपूर वेळ आहे. पाहुण्यांनी एसटीत बसल्यावर फोन केला तर घर आवरून, भाजी आणून, पुरणपोळीसुद्धा होते. फ्लूचा पाहुणा बेल वाजवूनच सांगतो की आलोय.

फ्लूला एक ते चार दिवस. मेमरी पेशी जाग्या होऊन कामाला लागेपर्यंत ताप भरलेला असतो, त्यामुळे तिथे नाका-घशाजवळ अँटीबॉडी आधीपासून तयार असावीच लागते. आणि फ्लू आपला चेहरा बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी एकदा आणि दक्षिणेसाठी एकदा, कुठले प्रकार लशीत घालायचे ते सांगते. तिसरं म्हणजे, अमेरिकेत एमोरी विद्यापीठात काही लोकांनी फ्लूची लस घेण्याआधी आणि नंतर हाडातला मगज काढू दिला (कौतुक आहे त्यांचं, ती सुई सोपी नसते), तर लशीनंतर महिन्याभराने मगजात नव्या पेशी दिसल्या आणि वर्षभरात त्यातल्या बहुतेक गायब झाल्या. 2020 मधे हे छापून आलं. तेव्हा वडिलांना दर वर्षी द्या, शुगरवाल्यांना फ्लू जड जातो. पावसाळ्याआधी दिलेली बरी.

एक बारीक गोष्ट, काविळीची जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लसही आपल्याकडे मिळते, ती एकाच डोसची असते. मुलीला कुठली दिलीय ते पाकिटावर बघून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी गोंधळ होतो.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, कोव्हॅक्सिनचे दोन आणि नंतर एक असे तीन डोस घेतले. सोसायटीत तपासणीचं पॅकेज आलं होतं त्यात अँटीबॉडी टेस्ट केली, आकडा फार कमी आला. मिसेसने कोव्हिशील्ड घेतली तिचा दुप्पट आला, ती सारखी ऐकवते. माझी लस संपली समजायचं का? – एक वाचक, नागपूर

काका, पहिलं म्हणजे ही टेस्ट करायची गरज नव्हती, आणि निरोगी माणसाने पॅकेजमधे आहे म्हणून ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्या आकड्याचं पुढे करायचं काय हे पॅकेजवाला सांगत नाही. दुसरं, काकूंची लस मेलेल्या विषाणूची नव्हतीच, ती दुसऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून कोरोनाच्या काट्यांचा संदेश आत पाठवते. दोन वेगळ्या जातीच्या लशींचे आकडे शेजारी ठेवून घरात भांडू नका.

कोव्हॅक्सिन म्हणजे पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) 2020 मधे वेगळा काढलेला विषाणू, माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींमधे वाढवून बीटा प्रोपियोलॅक्टोन या रसायनाने मारलेला. मेलेला विषाणू आपल्या पेशींमधे शिरून वाढत नाही, त्यामुळे बाधित पेशीच मारून टाकणाऱ्या ज्या टी पेशी असतात त्यांना अशा लशी सहसा कमी जागं करतात, ही यांची जुनी कमजोरी. म्हणून यात ॲल्युमिनियमसोबत आणखी एक डिवचणारा रेणू जोडला होता. फायदा असा की काट्यांबरोबर विषाणूची बाकीची प्रथिनंही आत जातात, नुसता काटा नाही. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीने अमेरिकेतल्या ला होया संस्थेबरोबर कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचं रक्त तपासलं तेव्हा सहा महिन्यांनंतरही मेमरी बी पेशी आणि मदतनीस टी पेशी सापडल्या, आणि बदललेल्या व्हेरिएंटपुढे अँटीबॉडीची पकड जेवढी सैल झाली तेवढी टी पेशींची झाली नाही.

चीनची कोरोनाव्हॅक पण अशीच, मारलेल्या विषाणूची. तिच्यात दोन डोसनंतर सहा महिन्यांत अँटीबॉडी पार खाली गेल्या होत्या, आणि आठ महिन्यांनी तिसरा डोस दिला तर पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेल्या. आठवण पुसली गेली असती तर असं झालंच नसतं.

पण हेही सांगते, फसवायचं नाही. कोरोनाचा विषाणू आता फ्लूसारखाच दोन-चार दिवसांत लक्षणं दाखवतो, त्यामुळे मेमरी पेशी सर्दी-ताप अडवू शकत नाहीत, पुढे छातीत उतरून गंभीर होणं अडवायला त्यांचा जास्त उपयोग. आणि मधल्या लाटांमधे तुम्हाला नकळत कोरोना होऊनही गेला असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे आज तुमच्या अंगात जे आहे ते नुसत्या लशीचं नाहीच. वय, दमा, हार्टचा त्रास असं काही असेल तर पुढच्या डोसचं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, कागदावरच्या आकड्याला नको.

प्रश्न : नातवाला पोलिओचे थेंब पण देतात आणि दंडात बारीकसं इंजेक्शन पण. आमच्या वेळी नुसते थेंब होते, पोलिओ गेला की. मग सुई कशाला? – मंगला आजी, सोलापूर

आजी, गेला तो थेंबांनीच, आपल्या देशात शेवटची नैसर्गिक पोलिओची केस 13 जानेवारी 2011 ची, हावडा जिल्ह्यातली. पण थेंबात जिवंत कमजोर विषाणू असतो आणि तो फार क्वचित का होईना परत ताकद धरतो, म्हणून 2015 च्या नोव्हेंबरपासून मेलेल्या विषाणूचं इंजेक्शन जोडलं. दीड महिना, साडेतीन महिने आणि 2023 पासून नऊ महिने, असं तीनदा, कातडीत फक्त 0.1 मिली, पूर्ण डोसचा पाचवा भाग. कातडीत पहारेकरी पेशी दाट असतात म्हणून एवढ्यात भागतं.

इंजेक्शनने रक्तात चांगली अँटीबॉडी येते, पाय लुळा पडत नाही. आतड्यात मात्र फारसं संरक्षण येत नाही. इस्रायलमधे 2005 पासून नुसतं इंजेक्शनच होतं, 2013 मधे तिथल्या सांडपाण्यात पोलिओ सापडला, एकाही मुलाला लकवा झाला नाही पण विषाणू मुलांच्या पोटातून मजेत फिरत होता, शेवटी परत थेंब द्यावे लागले. याच्या उलट, आपल्या मुरादाबाद भागात आधी थेंब घेतलेल्या मुलांना इंजेक्शन दिलं तर आतड्यातलं संरक्षण नुसत्या थेंबांच्या आणखी एका डोसपेक्षा जास्त वाढलं. म्हणजे आधी जिवंताने आतड्याला शिकवलं असेल तर मेलेलाही तिथली उजळणी करून घेतो. नातवाला दोन्ही द्या.

प्रश्न : आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात, काजूच्या बागा आहेत. माकडतापाची लस पूर्वी होती असं ऐकलंय, आता मिळत नाही म्हणतात. असलेली लस बंद कशी करतात? – एक बागायतदार, सिंधुदुर्ग

करावी लागली, कारण ती टिकतच नव्हती. 1957 मधे कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आताचं एनआयव्ही) हा विषाणू शोधला. गोचिडीतून येतो. तुमच्याकडे आणि पलीकडे गोव्यात सत्तरीत तो 2015-16 च्या सुमारास दिसायला लागला, आणि नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे गोचिडीची बारकी पिल्लं पाचोळ्यात आणि माणसं काजू गोळा करायला त्याच पाचोळ्यात.

लस होती कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पुढची पाच वर्षं दर वर्षी एक. एवढं करून कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या अभ्यासात दोन डोसनी संरक्षण 62 टक्के आणि बूस्टर धरून 83 टक्के निघालं. काविळीच्या लशीशी ताडून बघा. इथे आजार तीन ते आठ दिवसांत उलटतो, मेमरी पेशींना सवड नाही, म्हणून रक्तात अँटीबॉडी सतत चढती ठेवण्यासाठी दर वर्षी सुई. ती दुखायची खूप, दोन घेतल्यावर लोक तिसऱ्याला यायचेच नाहीत, आणि ज्या लशीचा सगळा भरवसा पुढच्या बूस्टरवर तिचं लोक आलेच नाहीत की काय राहतं? त्यात नंतर लशीची ताकदच कमी भरायला लागली आणि 2022 मधे ती थांबवली. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, मजुरीचा दिवस बुडवून दुखणारं इंजेक्शन पाचव्या वर्षी घ्यायला मी तरी गेले असते का माहीत नाही.

नवीन लशीचं काम चालू आहे. तोवर बागेत जाताना पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, गोचीड पळवणारं औषध, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा, आणि बागेतून आल्यावर आठवड्याभरात ताप भरला तर डॉक्टरांना बागेचं आवर्जून सांगा.

प्रश्न : मी मायक्रोबायॉलॉजी शिकतेय. मारलेल्या विषाणूची लस फार तर निरुपयोगी ठरेल, अपाय तर करणार नाही ना, असं वर्गात एकजण म्हणाला. बरोबर? – ऋतुजा, पुणे

नाही. अमेरिकेत 1966 च्या सुमारास तान्ह्या मुलांना आरएसव्ही या छातीच्या विषाणूची फॉर्मॅलिनने मारलेली लस देऊन बघितली होती. पुढच्या साथीत लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, आजारी पडलेल्यांतली ऐंशी टक्के दवाखान्यात, दोन दगावली. गोवराची मारलेली लस 1963 ते 67 दिली गेली, तिचं संरक्षण थोड्या दिवसांत उतरलं आणि नंतर खरा गोवर झाला तो विचित्र, जास्त तापाचा, न्यूमोनियाचा. दोन्हीकडे अँटीबॉडी भरपूर होत्या पण पकड ढिली, विषाणूला चिकटायच्या पण निकामी करू शकायच्या नाहीत. आरएसव्हीत तर विषाणूवरच्या प्रथिनाचा पेशीत घुसण्याआधी जो आकार असतो तोच आकार लस बनवताना बिघडला होता, म्हणजे शरीराला शिकवलं गेलं चुकीच्या चेहऱ्याबद्दल, आणि ते त्याने नीट लक्षात ठेवलं.

म्हणून आता नवीन मारलेली लस आली की अँटीबॉडी किती एवढंच नाही, निकामी किती करतात आणि मदतनीस टी पेशी कुठल्या जातीच्या तयार होतात हेही बघतात. वर्गातल्या त्या एकजणाला हे सांग, परीक्षेत येईल.

प्रश्न : माझा काविळीच्या लशीचा दुसरा डोस सहा महिन्यांऐवजी दोन वर्षं लांबला. पहिल्यापासून सुरू करू का? – निखिल, ठाणे

नको. राहिलेला एकच घ्या. पहिल्या डोसच्या मेमरी पेशी वाट बघत असतात, उशिरा दिला तरी उठतात. फक्त कुत्रा चावल्यावरच्या कोर्सला ही सवलत लावू नका, तिथे तारीख म्हणजे तारीख.